‘मॅग्नम’ एअर रायफल आणि तिच्या तोंडावरचा ब्रेक: नागपूरच्या हवेत काय टिकतं, काय नाही

एअर रायफलच्या खोक्यावर हल्ली तीन गोष्टी हमखास छापलेल्या असतात: मॅग्नम (म्हणजे जास्त ताकदीची), १००० एफपीएस (सेकंदाला फूट) आणि मझल ब्रेक (बॅरलच्या तोंडावर बसवलेली खिडक्यांची नळी). हा रिव्ह्यू त्या तिन्हींची शहानिशा करणारा आहे. रायफल कोणती, तर ०.१७७ कॅलिबरची, स्प्रिंग-पिस्टनची, बॅरल मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून लोड करायची, साधारण साडेतीन किलोची. किंमत दहा ते वीस हजारांच्या दरम्यान. कंपनीचं नाव घेतलेलं नाही, कारण याच सांगाड्याच्या चार-पाच रायफली वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष सांगाड्याचे आहेत, लेबलचे नाहीत.

आधी निकाल सांगतो. रायफल घेण्यासारखी आहे. बॅरल तुमच्या नातवापर्यंत पोचेल, फक्त तिला गंजू देऊ नका. सोबत येणारा ब्रेक राहू द्या. पण वेगळे दीड-दोन हजार घालून ऑनलाइन मिळणारा ब्रेक बसवायचा विचार असेल, तर ते पैसे छर्‍यांवर घाला.

आता कारणं. दुकानात येणारे निम्मे प्रश्न बॅरलच्या आयुष्याचे असतात: ‘मॅग्नम आहे म्हणजे बॅरल लवकर जाणार ना?’ ही भीती अमेरिकी शिकारी रायफलींच्या व्हिडिओंमधून आली आहे. तिथे ती खरी आहे, इथे नाही. फरक नीट कळला तर पुढचं सगळं सोपं जातं.

.३०० विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस १९६३ सालचं. त्यात साधारण ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम बारूद जळतं आणि ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरने निघते. इतकं बारूद .३० च्या अरुंद बोळातून एका झटक्यात जातं तेव्हा काडतुसाच्या तोंडापुढचा बॅरलचा भाग, ज्याला थ्रोट म्हणतात, दर वेळी क्षणभर पोळून निघतो. पोलादाचा वरचा पातळ थर तापतो, निवतो, पुन्हा तापतो. काही शे गोळ्यांनंतर तिथे आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा बारीक भेगा दिसू लागतात. भेगांच्या कडा झिजत जातात, गोळीला फिरवणार्‍या आतल्या खाचांची सुरुवात पुढे सरकते आणि गोळीला खाच पकडण्याआधी जास्त उडी मारावी लागते. मग ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्या पडतात तो घोळका, फाकतो. त्यामुळे या काडतुसाच्या बॅरलचं अचूक आयुष्य साधारण १५०० ते २५०० गोळ्यांचं धरतात. २६ आणि २८ नॉसलरसारख्या आणखी भुकेल्या काडतुसांचं हजाराच्या आसपास. तीन गोळ्या मारून बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत थांबणं हा तिथला नियम आहे. लागोपाठ वीस गोळ्या मारणारा माणूस बॅरलचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करतो.

मझल ब्रेकही त्याच साडेचार ग्रॅम बारुदाच्या जोरावर चालतो. गोळी तोंडातून सुटते तेव्हा तिच्यामागे प्रचंड दाबाचा वायू असतो. ब्रेकच्या आडव्या खिडक्या तो वायू बाजूला आणि थोडा मागे वळवतात, त्या वळवण्याने रायफल पुढे ओढली जाते आणि खांद्यावरचा धक्का तिसर्‍या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होतो. बदल्यात सगळा आवाज मारणार्‍याच्या आणि शेजारच्याच्या कानावर येतो. ब्रेक लावलेली मॅग्नम कानाला संरक्षण न लावता एकदा जरी मारली तरी कान कायमचा अधू होऊ शकतो.

आता आपल्या स्प्रिंग रायफलकडे या. सिलिंडरचा व्यास २५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०० मिलिमीटर धरली तर आत ४९ घन सेंटिमीटर हवा मावते. तिचं वजन ०.०६ ग्रॅमही भरत नाही. साडेचार ग्रॅम वायू एकीकडे आणि ०.०६ ग्रॅम हवा दुसरीकडे, म्हणजे पंचाहत्तरपट फरक. वळवायला वायूच नाही तर ब्रेक ओढणार काय?

शिवाय स्प्रिंग रायफलचा धक्का मुळात हवेचा नसतोच, तो आतल्या पिस्टनचा असतो. ट्रिगर सुटला की पाव किलोच्या आसपासचा पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे येते. पिस्टन दाबलेल्या हवेच्या उशीवर आपटून थांबतो आणि रायफल पुढे उसळते. आधी मागे, लगेच पुढे. हा दुहेरी झटका तोंडावर कितीही खिडक्या पाडल्या तरी कमी होत नाही.

मग कंपनी ब्रेक लावते कशाला? तीन कामांसाठी, आणि तिन्ही कामं चांगली आहेत. पहिलं म्हणजे मूठ. बॅरल मोडून स्प्रिंग दाबताना हात जितका टोकाला तितका जोर कमी लागतो, आणि ब्रेकमुळे चार-पाच सेंटिमीटर तरफ वाढते. पुढची माशी (नेम धरायचा खुंट) नसलेल्या रायफलीत तर मोडताना उघड्या बॅरलची कड तळव्याला कापते, ती ब्रेक झाकतो. दुसरं काम क्राउनचं रक्षण. क्राउन म्हणजे बॅरलच्या तोंडाची आतली कड, छर्रा सर्वात शेवटी जिला सोडतो ती. रायफल फरशीवर आपटली तर ब्रेकवर ओरखडा येतो, क्राउन वाचतो. तिसरं काम तोंडावर थोडं वजन देण्याचं. त्याने उभं राहून नेम धरताना टोक कमी डुलतं.

म्हणून कंपनीने दाबून बसवलेला किंवा आट्यांवर घट्ट बसलेला ब्रेक असेल तर तो काढायला जाऊ नका. ऑनलाइन मिळणारा, बॅरलवर सरकवून ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) आवळायचा अ‍ॅल्युमिनियमचा ब्रेक मात्र नुकसान करतो. कसं ते आकड्यात पाहा. ब्रेक १०० मिलिमीटर लांब, त्यातला ३० मिलिमीटर बॅरलवर बसतो आणि ७० पुढे निघतो. बॅरलचा बाहेरचा व्यास आणि ब्रेकचं भोक यात ०.३ मिलिमीटरची ढिलाई आहे आणि ग्रब स्क्रू एकाच बाजूला आहे. स्क्रू आवळला की ब्रेक कलतो: ३० मिलिमीटरला ०.३, म्हणजे पुढच्या टोकाला ०.७ मिलिमीटर. बाहेर पडायचं भोक ६ मिलिमीटरचं असेल तर साडेचार मिलिमीटरच्या छर्‍याला दोन्ही बाजूंनी पाऊण मिलिमीटर जागा असते. त्यातली ०.७ गेली. उरली केसाएवढी, आणि छर्‍याची परकरासारखी फाकलेली मागची कड तिथे घासते. एक घासतो, दुसरा नाही, तिसरा पुन्हा घासतो. २५ मीटरवर कालपर्यंत नाण्याएवढा येणारा ग्रुप बशीएवढा होतो आणि दोष जातो स्कोपवर.

तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी आहे याची खात्री करा. बॅरल थोडीशीच मोडून धरा, स्प्रिंग दाबू नका. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने ब्रेकच्या शेवटच्या भोकाची आतली कड गोल फिरवून पुसा. कापसावर एकाच बाजूला शिशाची राखाडी चकाकी आली तर छर्रा तिथे घासतो आहे. ब्रेक ठेवायचाच असेल तर व्हर्निअरने दोन्ही व्यास मोजा, ढिलाईच्या निम्म्या जाडीची पितळी शिम पट्टी बॅरलभोवती पूर्ण वेढा, आणि तीन ग्रब स्क्रू १२० अंशांवर असलेला ब्रेकच घ्या. स्क्रू पाव-पाव फेरीने आळीपाळीने आवळायचे. मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट (आटे चिकटवायचा गोंद) एक थेंब पुरे. लाल लावलंत तर पुढे काढताना तापवावं लागेल आणि काळं पॉलिश जाईल. ब्रेक लावल्यावर किंवा काढल्यावर झिरो, म्हणजे स्कोपचा जुळवलेला नेम, बदलतो, तो पुन्हा करावा लागतो.

खोक्यावरच्या १००० एफपीएसचा हिशेब करणं गरजेचं आहे, कारण त्यात कायदा येतो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचांपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. नेहमीचा चांगला छर्रा, उदाहरणार्थ जेएसबी एक्झॅक्ट, ८.४४ ग्रेनचा म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला २७० मीटरने, म्हणजे सुमारे ८८५ एफपीएसने निघाला की २० ज्यूल पुरे होतात. साध्या ७ ग्रेनच्या छर्‍याने खरोखर १००० एफपीएस गाठले तर २१ ज्यूल होतात, मर्यादेबाहेर. मग खोक्यावरचा आकडा येतो कुठून? ५ ग्रेनच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्‍याने. त्याने १००० एफपीएसला जेमतेम १५ ज्यूल होतात. आकडा खोटा नसतो, पण तुम्ही वापरणार त्या छर्‍याचा नसतो. हलके छर्रे स्प्रिंग रायफलीत वापरूही नयेत: ते लवकर निसटतात, पिस्टनसमोरची हवेची उशी पातळ पडते आणि पिस्टन भिंतीवर आपटतो. या वर्गातल्या रायफलीला ८ ते ८.७ ग्रेनचे छर्रे मानवतात. एका डब्यावर थांबू नका. ४.५१ आणि ४.५२ मिलिमीटर डोक्याचे दोन्ही मारून बघा, बॅरलगणिक आवड बदलते.

आता बॅरल. शिसं मऊ, पोलाद कठीण, आत ज्वाला नाही. त्यामुळे छर्रे मारून बॅरल झिजवणं एका माणसाच्या आयुष्यात जमणारं नाही. बॅरल मरते ती दोन कारणांनी, आणि दोन्ही घरातली आहेत.

पहिलं कारण ओल. नागपुरात लोक पावसाळ्याला जपतात आणि मे महिन्यात बेसावध असतात. बाहेर ४५ अंश आणि कोरडं रखरखीत, पण ज्या खोलीत रायफल आहे तिथे कूलर दिवसरात्र चालू. वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्यांतून येणारी ती हवा ओलीच असते. कूलरच्या झोतात भिंतीला टेकवलेल्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात चेन लावून ठेवलेल्या रायफलीवर महिन्याभरात तांबूस ठिपके येतात, आधी बोटांच्या घामाच्या जागी आणि मग क्राउनवर. फोमचं कव्हर ओल धरून ठेवतं, म्हणून ते नेण्याआणण्यापुरतं वापरायचं. घरी रायफल कूलर नसलेल्या खोलीतल्या कपाटात उभी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर पंधरा दिवसांनी मेच्या उन्हात तापवल्या तरी थोड्याफार सुकतात, तव्यावर मंद आचेवर जास्त चांगल्या. हाताळून झालं की पातळ तेलाचा हलका हात असलेल्या सुती कापडाने सगळं लोखंड पुसायचं. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रायफल ठेवायची नाही. आतलं ग्रीस पातळ होऊन सिलिंडरमध्ये उतरतं, त्याचे परिणाम खाली येतात.

दुसरं कारण लोखंडी गज. छर्र्‍याच्या बॅरलला बंदुकीचा गज आणि पितळी ब्रश नकोच. तोंडाकडून घातलेला गज क्राउनला घासतो आणि तिथला एक बारीक ओरखडा बॅरलचा नेम कायमचा बिघडवतो. बॅरल साफ करायची ती अशी: गवत कापायच्या मशीनला लागणारी दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी मीटरभर घ्या, एका टोकाला फास करा. बॅरल मोडा, दोरी छर्रा भरायच्या बाजूने घालून तोंडातून बाहेर काढा. जुन्या बनियनची दोन बोटांएवढी पट्टी फासात अडकवून त्याच दिशेने ओढून घ्या. पहिली पट्टी काळी, दुसरी राखाडी, चौथी-पाचवी जवळजवळ स्वच्छ येते. मग थांबा. तेल लावलेली पट्टी फिरवली तर नंतर दोन कोरड्या पट्ट्या ओढायच्याच. साफ केल्यावर पहिले दहा-वीस छर्रे इकडेतिकडे जातात, ते नेहमीचं आहे, खाचांत शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत. म्हणून उगाच दर रविवारी बॅरल साफ करू नका. हजारेक छर्‍यांनी, किंवा ग्रुप विनाकारण फाकला की. स्टीलचे गोल छर्रे आणि पिसांचे डार्ट या बॅरलीत कधीच नाहीत, ते खाचा खरवडतात.

खरं झिजतं ते मागे, सिलिंडरमध्ये. या रायफलीच्या देखभालीचे सगळे पैसे तिथे लागणार आहेत.

नवी रायफल पहिले शे-दोनशे छर्रे धूर काढते आणि जळक्या तेलाचा वास येतो. कारखान्यात लावलेलं जादा तेल दाबाच्या उष्णतेने पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच. हलका धूर ठीक. फटाका फुटल्यासारखा आवाज येत राहिला तर मात्र थांबा, त्याने पिस्टन सील जळतं आणि स्प्रिंग मोडते. सर्वात मोठी चूक म्हणजे ‘ऑइलिंग’ म्हणून हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडणं. सिलिंडरच्या आत खनिज तेल जाऊच नये. पिस्टनच्या अंगाला मॉलिब्डेनमचं ग्रीस, सीलच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात, स्प्रिंगवर घट्ट ग्रीस, बस.

छर्रा न भरता ट्रिगर ओढणं हे दुसरं पाप. समोर अडवणूक नसल्याने पिस्टन सरळ लोखंडावर आदळतो. दुकानात काउंटरवर कोणी तसं करून दाखवत असेल तर तो नग घेऊ नका. स्प्रिंग दाबून रायफल तासन्‌तास ठेवली तर ती बसते आणि वेग हळूहळू उतरतो. काही हजार छर्‍यांनी स्प्रिंग आणि सील बदलायची वेळ येतेच, हे गृहीत धरूनच रायफल घ्यायची. गॅस पिस्टनच्या रायफलीत दाबून ठेवल्याने स्प्रिंग बसण्याची अडचण नाही, पण गळती लागली की आख्खा गॅस रॅम बदलावा लागतो.

वेग उतरला की प्रत्येक वेळी सील गेलं असं नसतं. आधी बॅरल जिथे सिलिंडरला भिडते तिथली ओ-रिंग बघा. सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित दिशेने मारा. पट्टी उडाली तर हवा तिथून गळते. जुनी रिंग काढून हायड्रॉलिक सील विकणार्‍याकडे न्या, मापाची ९० शोअर कडकपणाची रिंग काही रुपयांत मिळते. मऊ रिंग चिरते. नवी रिंग बसूनही गळत असेल तर खाली ०.१-०.२ मिलिमीटरचा टेफ्लॉनचा पातळ वॉशर घालून ती किंचित वर उचला. फार वर आली तर बॅरल मिटताना चिमटेल.

स्क्रूंकडे कोणी बघत नाही. दस्त्याचे पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचे दोन स्क्रू दर दोनशे छर्‍यांनी तपासा. दुहेरी झटक्याने ते सैल होतात, आणि सैल स्क्रूची रायफल एका जागी दोनदा मारत नाही. याच झटक्यामुळे साधा बंदुकीचा स्कोप इथे टिकत नाही: तो मागचा धक्का सोसायला बनलेला असतो, पुढचा नाही. एअर रायफलसाठी बनलेलाच स्कोप घ्या, आणि माउंटची खुंटी रेलच्या भोकात बसते आहे ना ते पाहा. नाहीतर माउंट रोज मिलिमीटरभर मागे सरकतो.

आत उघडायचं काम मात्र घरी नको. स्प्रिंगवर मिटलेल्या अवस्थेतही भरपूर ताण असतो, मागची टोपी सुटली की ती थेट छातीवर येते. दुरुस्ती करणार्‍याला तीन प्रश्न विचारा: स्प्रिंग कंप्रेसर आहे का, सिलिंडरमध्ये कोणतं ग्रीस लावता, आणि आधी-नंतर क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) दहा-दहा छर्‍यांचा वेग लिहून देता का. पहिल्याचं उत्तर ‘हाताने दाबतो’ असं आलं तर रायफल उचलून घरी आणा. सर्व्हिसनंतर दहा छर्‍यांत सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद यांत २० एफपीएसच्या आत फरक राहिला तर काम चांगलं झालं. क्राउनला ओरखडा असेल तर हिंगण्याच्या एमआयडीसीत चांगल्या लेथवाल्याकडून तो नवा करून घेता येतो, पण बॅरल चकमध्ये डायल गेजने मध्यावर बसवणारा माणूस हवा. नजरेने बसवणारा नको.

मारताना पुढचा हात दस्त्याखाली उघडा ठेवा, आवळू नका. रायफलला दर वेळी सारखंच उसळू द्यायचं, हीच या यंत्राची खुबी आहे. घट्ट धरली की ग्रुप बिघडतो. मारायचं ते कागद आणि डबे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, आणि पोपट, बगळा, खार यांवर छर्रा मारणं हा गुन्हा आहे. मागे भिंत आहे एवढ्यावर विसंबू नका, छर्रा भिंतीवरून परततो. चिंध्या गच्च कोंबलेलं पंधरा सेंटिमीटर जाडीचं पोतं आणि त्यामागे तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवा, शेजारी उभ्या मुलाच्याही. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवूनच जेवायला बसा.

दुकानात नग हातात आला की स्प्रिंग पूर्ण दाबून चाप अडकल्यावर बॅरल अर्ध्यावर आणा आणि हात खाली धरूनच पकड ढिली करा. ती जिथल्या तिथे थांबली पाहिजे. स्वतःच्या वजनाने खाली पडली तर सांध्याचा बोल्ट ढिला आहे. छर्रा भरताना एक हात बॅरलवर कायम ठेवा, आत बोट असताना चाप निसटला तर बोट जातं. मग मोबाइलच्या टॉर्चने क्राउन पाहा, ब्रेकच्या तोंडातून आत. कड सगळीकडून सारखी चमकली पाहिजे, कुठेही तांबूस ठिपका नको. असेल तर दुसरा नग मागा.